खालचा ओठ

दार उघडलं तर दादा उभा. डोक्यावरून हनुवटीखाली उपरणं आवळून बांधलेलं, डावा गाल सुजून टम्म झालेला, हातात कपड्यांची पिशवी आणि काखेत सनईची लांबट खोळ. मी आधी त्याच्या गालाकडे बघितलं नाही. जिन्यात कोणी आहे का ते बघितलं.

“बापू, लई ठणकतंय रं,” दादा म्हणाला. उपरण्यामुळे त्याचं तोंड धड उघडत नव्हतं.

मी त्याला आत घेतलं आणि घाईघाईने दार लावून टाकलं. या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली, पण ती घाई मला अजून लख्ख आठवते.

हणमंतदादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. आमचं घराणं वाजंत्र्यांचं. गावच्या भैरवनाथापुढे पहाटे आणि सांजेला सनई वाजवायचा मान आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला, आणि लग्नसराईत पंचक्रोशीतल्या मांडवांच्या दारात आम्हीच. दारातच; आत आम्हाला कोणी बसवत नसे. नवरदेव यायच्या आधी हजर व्हायचं आणि सगळे जेवले की मग जेवायचं. मी शिकलो, साताऱ्याच्या एका कॉलेजात हेडक्लार्क झालो आणि बऱ्यापैकी सोसायटीत फ्लॅट घेतला. आमच्या आडनावाची, धुमाळांची घरं पाटलांतही आहेत, त्यामुळे सोसायटीत कोणी खोलात शिरलं नाही आणि मीही कोणाला शिरू दिलं नाही. माझं सगळं शिक्षण दादाच्या सनईवर झालं होतं. ते मी विसरलो होतो असं नाही. फक्त त्याबद्दल बोलत नव्हतो.

त्या वर्षी मात्र दादाच्या आयुष्यात कधी नव्हे ती गोष्ट घडली होती. आदल्या चैत्रात भैरवनाथाच्या यात्रेला पुण्याचे देवस्थळी नावाचे एक गृहस्थ आले होते. ते एका संगीत मंडळाचे कार्यवाह. पालखीपुढे दादाची सनई ऐकून ते तीन तास उन्हात उभे राहिले आणि जाताना दादाच्या पाया पडले. ब्राह्मण माणूस आपल्या पाया पडला म्हणून दादा इतका घाबरला की दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. मग माघात त्यांचं पत्र आलं. गुढीपाडव्याच्या पहाटेच्या मैफलीची सुरुवात हणमंतराव धुमाळ यांच्या सनईने व्हावी, अशी मंडळाची इच्छा होती. व्यासपीठावर, गादीवर बसून, दोन तास. आमच्या सात पिढ्यांत बसून कोणी वाजवलं नव्हतं.

पाडव्याला सहा आठवडे राहिले होते आणि दाढेने नेमका हाच मुहूर्त धरला.

“चाळिशी उलटल्यावर अक्कलदाढ,” माझी बायको रजनी त्याला कोमट पाणी देत म्हणाली. “भाऊजी, अक्कल जरा उशिराच आली की.”

“आली तीबी वाकडी,” दादा म्हणाला आणि हसायला गेला तसा कळवळला.

रजनी शिक्षकाच्या घरातली. तिला आमच्या घराण्याची ना लाज ना अप्रूप. दादाला ती सरळ म्हणाली, बरं वाटेपर्यंत इथेच राहा, वाटलं तर सकाळी वाजवा, मला आवडेल. मी मधेच म्हणालो की सोसायटीत सकाळी आवाज चालत नाही, लोक तक्रार करतात. दादाने समजल्यासारखी मान हलवली आणि खोळ पलंगाखाली सरकवली. आमच्या खालच्या मजल्यावर रोज पहाटे पाचला एकाचा रेडिओ केकाटत असे, त्याबद्दल कोणी कधी तक्रार केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी त्याला डॉ. परचुऱ्यांकडे नेलं. बाई हुशार, हात हलका, साताऱ्यात नाव चांगलं. त्या समोरच्याच इमारतीत राहायच्या आणि त्यांचे यजमान आमच्या सोसायटीचे अध्यक्ष होते. दवाखान्यात शिरण्याआधी मी दादाला उपरणं सोडायला लावलं आणि माझं जाकीट त्याच्या अंगावर चढवलं. थंडी आहे म्हणून, असं त्याला सांगितलं.

बाईंनी जबड्याचा मोठा एक्सरे काढला आणि उजेडाच्या काचेवर लावून आम्हाला दाखवला. खालची डावी दाढ हाडात आडवी झोपली होती. तिच्या मुळांच्या अगदी खालून एक फिकट रेघ जात होती. बाईंनी पेनाच्या टोकाने ती दाखवली. ही नस, त्या म्हणाल्या, खालच्या ओठाला आणि हनुवटीला जाते. दाढ काढायला हवीच, नाहीतर पू पुन्हा पुन्हा होणार. पण मुळं नसेला टेकली आहेत. काढताना नस दुखावली तर ओठाचा हा अर्धा भाग बधिर राहू शकतो. बहुतेकांचा काही महिन्यांत सुधारतो. शंभरात एखाद्याचा कायमचा राहतो.

“बधिर म्हंजे कसा, डॉक्टर?” दादाने विचारलं.

“हलेल, पण लागलेलं कळणार नाही. पाणी पिताना थोडं ओघळेल. जेवण्या-बोलण्यात तसं काही अडत नाही.” मग त्यांनी केसपेपर पुढे ओढला. “काय करता तुम्ही?”

दादा खुर्चीत मागे रेलून बसला होता. त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं असेल किंवा नसेलही. मी उभा होतो, आणि मीच बोललो.

“शेती.”

“मग प्रश्नच नाही,” बाई म्हणाल्या आणि लिहून घेतलं.

मी दादाकडे पाहिलं नाही. एक्सरेकडे बघत राहिलो. क्षणभराने खुर्ची करकरली आणि बाईंनी पुढे केलेल्या संमतीच्या कागदावर दादाने सही केली. सही करताना तो दरवेळी जीभ दाताखाली धरायचा, तशी त्याने तेव्हाही धरली होती. शेतीला आमच्याकडे अकरा गुंठे होते, तेही ओढ्याकाठचे, आणि त्यावर वहिनी भाजी लावायची.

पाच दिवस गोळ्या घेऊन सूज उतरली आणि रविवारी सकाळी दाढ काढायचं ठरलं. रविवार भैरवनाथाचा, त्यामुळे दादाचा उपास. पोट भरून या असं बाईंनी बजावलं होतं. रजनीने त्याला साबुदाण्याची खिचडी इतकी वाढली की तो म्हणाला, रजने, दाढ काढायची हाय, बळी द्यायचा न्हाई. निघताना त्याने माझ्या हातात देवस्थळींचं पत्र दिलं. परत आल्यावर मला बोलता येणार नाही, तेवढं आजच कळव त्यास्नी की येतो म्हणून, असं त्याने सांगितलं. मी पत्र खिशात घातलं.

आत दीड तास लागला. बाहेरच्या बाकावर मला यंत्राची घरघर ऐकू येत होती, मग ठोकल्यासारखा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. मूळ आकडीसारखं वळलं होतं, म्हणाल्या, तीन तुकडे करून काढावं लागलं. चोवीस तास थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही. गार आणि मऊ खायचं. नळीने काही ओढायचं नाही, जोराने फुंकायचं तर मुळीच नाही, जखमेवरची गुठळी निघून येते. दोन आठवडे जपा.

“फुंकायचं कशाला,” मी म्हणालो. इतकं सहज म्हणालो की मलाच बरं वाटलं.

पुढचे दिवस आमच्या घरात चेष्टेमस्करीचे गेले. दादाचं तोंड भोपळ्याएवढं झालं होतं आणि रजनी त्याला बर्फाची पिशवी धरायला लावून समोर बसायची. गुरगुट्या भात, मुगाचं कढण, रताळ्याची खीर, आणि आयुष्यात पहिल्यांदाच रोज एक आइस्क्रीम. दादा म्हणायचा, बापू, बत्तीसच्या बत्तीस काढून टाक, म्हंजे जन्मभर आईसक्रीम खाईन. दिवसातून सहा वेळा मिठाच्या कोमट पाण्याने तो तोंड धुवायचा, देवाची पूजा करावी तितक्या निगुतीने. जिभेची, गालाची बधिरता पहिल्याच रात्री उतरली. डाव्या बाजूच्या अर्ध्या ओठाची मात्र उतरली नाही.

तिसऱ्या दिवशी चहा पिताना त्याच्या हनुवटीवरून ओघळ सदऱ्यावर गेला आणि त्याला कळलाच नाही. रजनीने पुसला. मग तिने कापसाची वात करून त्याला डोळे मिटायला सांगितलं आणि ओठावरून फिरवली. इथं कळतंय? कळतंय. इथं? कळतंय. इथं? दादा थांबला. वात फिरत होती आणि तो वाट बघत होता.

“लाव की,” तो म्हणाला.

रजनीने माझ्याकडे पाहिलं.

सूज उतरली की येईल, मी म्हणालो. दादाही म्हणाला, येईल की, जाईल कुठं. त्यानंतर तो दिवसभर ओठ चाचपत बसायचा. दहाव्या दिवशी मी ऑफिसात असताना त्याने सनईची पत्ती ओली करून ओठांत धरली, असं रजनीने सांगितलं. वाजवली नाही, नुसती धरली. डावीकडून ती सटकत होती. पत्ती म्हणजे ताडाच्या पानाची दोन इवलीशी पातं. सगळा सूर तिच्यातून येतो, आणि तिला किती दाबायचं, किती सोडायचं हे फक्त ओठाला कळतं. डोळ्यांना, बोटांना त्यातलं काही कळत नाही.

पंधराव्या दिवशी बाईंनी जखम बघितली. छान भरली म्हणाल्या, ओठाला वेळ लागेल, धीर धरा. दादाने घरी येऊन खोळ काढली आणि मला विचारलं, कुठं वाजवू? त्याने इतकं साधं विचारलं की मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी त्याला किल्ल्याच्या पायथ्याला घेऊन गेलो. तिथे दुपारी कोणी नसतं.

एका खडकावर बसून त्याने सनई तोंडाला लावली. पहिला सूर लागला. खरंच लागला, आणि माझा जीव भांड्यात पडला. मग तो वर चढायला गेला आणि डाव्या कोपऱ्यातून हवा सुटली, सायकलच्या ट्यूबमधून सुटते तशी. सूर चिरकला. त्याने पुन्हा लावला. पुन्हा हवा सुटली. हनुवटीवरून लाळ गळत होती, आणि त्याला कळत नव्हती म्हणून तो पुसत नव्हता. मग त्याने डाव्या हाताच्या बोटाने ओठ दाबून धरला. आता हवा सुटत नव्हती, पण वरची भोकं मोकळी पडली. तो एकाच हाताने खालची भोकं झाकत राहिला आणि सनईतून कसलाच राग नसलेला, लहान पोराने पिपाणी फुंकावी तसा आवाज येत राहिला. किती वेळ त्याने असं केलं कोण जाणे. शेवटी त्याने सनई मांडीवर ठेवली.

“पाडव्याला किती दिवस ऱ्हायले?” त्याने विचारलं.

“एकवीस.”

“हां,” तो म्हणाला.

त्या संध्याकाळी मी एकटाच डॉ. परचुऱ्यांकडे गेलो. दादाचा ओठ लवकर बरा होण्यासाठी काही औषध, काही विजेचा उपचार असेल तर सांगा, असं विचारलं. त्या म्हणाल्या, जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू आहेत, बाकी नस आपल्या गतीने भरते, सहा महिने, वर्ष. एवढी घाई कसली? जेवायला त्रास होतो का?

“भाऊ सनई वाजवतो,” मी म्हणालो.

बाईंनी कपाट उघडून दादाचा केसपेपर काढला, वाचला, आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवला. मग एक्सरे उजेडावर लावला आणि बराच वेळ त्याकडे बघत बसल्या.

“मला सांगायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. आवाज चढा नव्हता. “वादक असेल, गायक असेल, तर मी अशा दाढेची मुळं काढतच नाही. वरचा भाग तेवढा कापून काढायचा आणि मुळं आत राहू द्यायची. नसेला हातच लावायचा नाही. मला कळलं असतं तर मी तेच केलं असतं, नाहीतर पुण्याला पाठवलं असतं.” मग त्यांनी दिवा बंद केला. “धुमाळ, यात लपवण्यासारखं काय होतं?”

निघताना मी त्यांना विनंती केली की भावाला हे सांगू नका. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर सोसायटीत त्या समोरून आल्या की मी वाट बदलू लागलो.

देवस्थळींना मी ऑफिसातून फोन केला आणि तब्येतीचं कारण सांगितलं. ते खूप हळहळले, पुढच्या वर्षी नक्की म्हणाले. पाडव्याला दुसऱ्या कोणी वाजवलं. दादा गावी परत गेला. पुढच्या वर्षी देवस्थळींचं पत्र आलं, त्याच्या पुढच्या वर्षी आलं नाही.

ओठ आला नाही. सहा महिने झाले, वर्ष झालं, दोन झाली. वहिनीने अंगारे-धुपारे केले, कोल्हापूरच्या एका वैद्याचं तेल चोळलं, भैरवनाथाला नवस बोलला. दादा शंभरातला तो एक निघाला. देवळात काही महिने चुलतभावाने नुसत्या संबळावर वेळ निभावली. मग कमिटीने विजेवर चालणारं यंत्र आणलं. त्यात नगारा, झांज आणि घंटा एकदम वाजतात, आणि कर्ण्यावर सनईची कॅसेट लावायची सोय. पण मान आमच्या घरचा, तो मोडायचा कसा? म्हणून कमिटीने ठरवलं की बटण दाबायला हणमंतच येईल. तो येत राहिला. रोज पहाटे अंघोळ करून, डोक्याला फेटा बांधून.

मी यात्रेला दरवर्षी जायचो आणि दरवर्षी ठरवायचो की या खेपेला सांगायचं. गेल्या चैत्रात सांगितलं. पहाटे देवळात आम्ही दोघंच होतो. दादाने बटण दाबलं, कर्ण्यातून कोणा दुसऱ्याची भैरवी सुरू झाली, आणि कॅसेट संपेपर्यंत तो देवासमोर हात जोडून उभा राहिला. ओवरीत येऊन बसल्यावर मी बोलायला लागलो. दवाखान्यात मी काय म्हणालो, का म्हणालो, नंतर बाई काय म्हणाल्या, मुळं आत ठेवता आली असती, सगळं. सांगता सांगता मी रडत होतो. पन्नाशी ओलांडलेला माणूस ओवरीत बसून हुंदके देतोय हे चांगलं दिसत नव्हतं, पण मला आवरेना.

दादाने मला संपवू दिलं.

“बाईचं मला ठावं नव्हतं,” तो म्हणाला. “बाकीचं ठावं हाय. मी तिथंच बसलो हुतो की.”

“मग तू का नाही बोललास? तुला तर तिने सांगितलं होतं, ओठ जाईल म्हणून.”

दादाने हनुवटी पुसली. आता ती त्याची सवयच झाली होती, ओली असो नसो.

“तुझ्या तोंडाकडं बघितलं,” तो म्हणाला. “इतका भ्यालेला तुला म्या कधी बघितला न्हवता. म्हटलं, आता म्या खरं सांगितलं तर ह्यो त्या बाईफुडं खोटा पडतोय. रोज तिच्याच दारावरनं जायचं ह्याला. ती म्हनली शंभरात एकाचा जातो. म्हटलं, आपल्यावर कशाला येतंय.” त्याने बोटाने ओठ चाचपला. “पर आलं.”

मी त्याच्या पायाला हात लावायला वाकलो तर त्याने पाय मागे घेतले.

“ते ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. “पर घरात बोलू नगंस ह्यातलं काय. तुझ्या वहिनीला वाटतंय डाक्टरनीनं केलं. सोळा वर्सं तिला शिव्या घालून ती जगली. आता तुझं नाव कळलं तर तुला ह्या घरात पाणी मिळायचं न्हाई, आन्‌ मला तर तूच हायस.”

आम्ही घरी आलो. वहिनीने चुलीवर चहा टाकला होता. तिने दादाला बशीत ओतून दिला, माझ्यापुढे कप ठेवला आणि दादासमोर पदराचं टोक हातात धरून बसली. त्याने घोट घेतला, चहा हनुवटीवर ओघळला, तिने पुसला.

“वाटुळं हुईल त्या डाक्टरनीचं,” ती रोजचं असल्यासारखं म्हणाली. “सोन्यासारखा ओठ खाल्ला माझ्या मान्साचा. तुमी म्हनून भावजी, मोठ्या दवाखान्यात तरी न्हेलं. न्हाईतर आमाला कोन इचारतंय.”

दादा बशीत बघत होता. मी म्हणालो, वहिनी, चहा चांगला झालाय.